दोननंतर या

गेले दहा महिने मी घरातून निघताना "जाते" म्हणत होते.

मराठी माणसाला हे खटकणारच. आपल्यात "जाते" म्हणत नाहीत. दळण आणायला निघालेली बाईसुद्धा "येते" म्हणते, आणि घरातलं माणूस तिला "ये" म्हणतं. माझ्या सासूबाईंनी माझं "जाते" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी जखमेची पट्टी बदलायला निघाले होते. त्यांनी मला उंबऱ्यातून परत बोलावलं, खुर्चीवर बसवलं, घोटभर पाणी प्यायला लावलं आणि म्हणाल्या, "आता नीट म्हण अन् नीघ." मी पाणी प्यायले, उठले आणि पुन्हा "जाते" म्हणाले. दुसरा शब्द तोंडातून निघतच नव्हता. हे माझं नाटक नाही हे त्यांना पटायला बरेच महिने लागले.

माझ्या डाव्या मांडीत दोन छर्रे अजून आहेत. डॉक्टर म्हणतात राहू द्या, त्रास देणार नाहीत. खरं आहे, ते त्रास देत नाहीत. त्रास झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा, आणि ती मी दहा महिने कुणाला नीट सांगितली नाही. ज्यांना असं काही झालंय, आणि ज्यांच्या आजारात थोडी आपली चूकही मिसळली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. फक्त अंगावर आलेलं संकट सोसणाऱ्यांसाठी लिहिणारे बरेच असतील.

संस्था

मी नर्स आहे. नाव सुनंदा, वय सत्तेचाळीस, राहायला बजाजनगर. नवरा दिलीप वाळूजला कंपनीत आहे. पैठण रोडवर, चितेगावच्या अलीकडे एक वृद्धाश्रम आहे, तिथं मी अकरा वर्षं होते. आम्ही त्याला नुसतं "संस्था" म्हणायचो. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत, बाकी सगळं माझ्याकडं. औषधं, पट्ट्या, रुसवेफुगवे, कुणाच्या मुलाला फोन लावायचा आणि कुणाच्या लावायचा नाही, सगळं. मला हुकूम सोडायची सवय होती आणि ती मला आवडतही होती, हे आधीच सांगून ठेवते.

फाटकावर हनीफचाचा होते. मूळचे पिशोरचे, साठीच्या पुढचे, गळ्यात कायम चौकड्याचा रुमाल. संस्थेचा नियम असा होता की दुपारी एक ते तीन फाटकाला आतून कडी. म्हातारी माणसं त्या वेळात झोपायची, आणि चाचा जेवून मागच्या शेडमध्ये नमाज पढायचे. दोन वाजता. अकरा वर्षांत त्यांची ती वेळ कधी चुकली नाही आणि त्यामुळे कुणाची कधी गैरसोय झाली नाही.

ओसरीत कमलआजी बसायच्या. त्यांना उठता येत नव्हतं, पण आल्यागेल्याचं स्वागत त्यांच्याकडं होतं. कुणीही फाटकातून आत आलं की त्या म्हणायच्या, "या, बसा. पाणी आणू?" पाणी अर्थात दुसऱ्या कुणीतरी आणायचं.

तो गृहस्थ

त्याचं नाव मी लिहिणार नाही. पन्नाशीचा, पूर्वी बँकेत बंदूकधारी रखवालदार होता. त्याची आई आमच्याकडं तीन वर्षं होती आणि त्या घटनेच्या आदल्या महिन्यात गेली. पहाटे गेली, झोपेत. आम्हाला कळलं तेव्हा अंग गार पडलं होतं. म्हणजे जवळ कुणीच नव्हतं. हे त्याला सरळ सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "होतं ना कुणीतरी." घरच्यांना बरं वाटावं म्हणून आम्ही असं म्हणतो. त्याला बरं वाटलं नाही. तो पुन्हा पुन्हा येऊन विचारू लागला, कुणीतरी म्हणजे कोण?

त्या दिवशी तो साडेबाराला आला. आईची पत्र्याची पेटी न्यायची होती. ताटं वाढली जात होती, मी गोळ्यांच्या डब्या भरत होते. त्यानं चौथ्यांदा विचारलं, "आई गेली तेव्हा जवळ कोण होतं?"

"सांगितलंय ना मी तुम्हाला. आता जेवणं चाललीत. पेटी देते. दोननंतर या."

त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. मग म्हणाला, "येतो."

"या," मी म्हणाले. मान वर न करता म्हणाले, ते मला आठवतं, कारण गोळ्या मोजायच्या चुकायला नको होत्या.

नंतर मी फाटकापाशी गेले. चाचांना म्हणाले, "ते गृहस्थ दोनला पेटीसाठी येणार आहेत. कडी काढून ठेवा."

"दोनला मी नमाजात ऱ्हातो सिस्टर," चाचा म्हणाले. "पढून आलो की खोलतो ना. पाच मिनटं थांबंल त्यो."

"कशाला ताटकळत ठेवायचं? परत मलाच बोलणी बसतील. काढून ठेवा कडी. एक दिवसानं काय होतंय?"

चाचांनी कडी काढली.

दोन वाजता

उन्हाळा नुकता लागला होता आणि कूलर चालू होते, त्यामुळे फाटक वाजलेलं मी ऐकलं नाही. कमलआजींचा आवाज मात्र ऐकला. "या, बसा. पाणी आणू?" त्यानंतर जो आवाज झाला तो मला रोहित्र उडाल्यासारखा वाटला. मी औषधांच्या खोलीतून बाहेर आले ती लाइट गेली का बघायला.

तो ओसरीत उभा होता. हातात दुनळी बंदूक. माझ्याकडं बघून मघाच्याच आवाजात म्हणाला, "सिस्टर, दोननंतर या म्हणाला होतात."

माणसं चार गेली. कमलआजी, दोन आजोबा आणि स्वयंपाकाच्या सुमनबाई. याहून जास्त मी लिहिणार नाही, आणि तुम्हालाही कुणी "काय काय झालं ते सांगा" म्हणून आग्रह करू लागलं तर सांगायची सक्ती नसते. शेवटी तो कोठीच्या दाराशी जाऊन बसला. पेटी आत होती आणि दाराला कुलूप होतं. पोलीस आले तेव्हाही तो तिथंच होता.

मला आठवतं ते एवढंच, की हनीफचाचा मागून अनवाणी पळत आले. डोक्यावर टोपी होती. तो माणूस अजून बंदूक घेऊन दहा पावलांवर असताना ते माझ्याजवळ बसले, गळ्यातला रुमाल काढून माझ्या मांडीला आवळला आणि गाडी येईपर्यंत दोन्ही हातांनी दाबून धरला. सारखे म्हणत होते, "सोताहून डोळे मिटू नको. माझ्याकडं बघ, बेटा."

आज मी चालते ती त्या रुमालामुळं.

खाट

सरकारी दवाखान्यात मी एकोणीस दिवस होते. नर्स ही सगळ्यात वाईट पेशंट. सलाइनची पट्टी वाकडी लावली की मला राग यायचा, थर्मामीटर बघून आकडा न सांगता सिस्टर पुढं गेल्या की राग यायचा. साफसफाईच्या बादल्या, चहा, राउंड, नातेवाइकांना बाहेर काढणं, हे सगळं मी आयुष्यभर उभ्यानं पाहिलेलं. आडव्यानं पाहिलं तेव्हा कळलं की छताकडं बघत पडलेल्या माणसाला दिवस किती मोठा असतो.

वॉर्डात गिरजामावशी नावाची आया होती. ट्रॉली ढकलताना दारावर आपटून मोठा आवाज व्हायचा आणि मी खाटेखाली जायला बघायचे, टाके असताना. मावशीनं एकदा बघितलं. त्यानंतर ती दारातूनच ओरडायची, "सिस्टर, मी आली. आता दार वाजंल. घाबरू नगा." मग दार वाजायचं. मी कठडा धरून बसलेली असायचे, पण खाटेवरच. तिला कुणी हे शिकवलं नव्हतं. मला पुढं ज्या गोळ्या मिळाल्या त्यांच्याइतकाच तिच्या त्या ओरडण्याचा उपयोग झाला.

तिसऱ्या दिवशी पोलीस जबाब घ्यायला आले. साहेब चांगले होते, खुर्ची ओढून बसले, हळू बोलले. दिलीप उशाशी उभे होते. बरंच विचारून झाल्यावर साहेबांनी विचारलं, "फाटक कुणी उघडं ठेवलं होतं?"

मी म्हणाले, "मला आठवत नाही."

मला आठवत होतं. एकेक शब्द आठवत होता.

साहेब म्हणाले, "असू द्या. धक्का मोठा आहे." त्यांनी तसं लिहिलं, मी सही केली. आजारी माणसाला एक मोठी सोय असते, त्याच्यावर कुणी संशय घेत नाही. ती सोय मी वापरली.

दोन दिवसांनी दिलीपनी बाहेरून ऐकून आणलं, "तो वॉचमन फाटक उघडं टाकून नमाजाला गेला होता म्हणे." मला बघायला येणाऱ्यांनीही तेच सांगितलं, आणि प्रत्येकानं थोडं थोडं वाढवून. मोबाइलवर काय काय फिरत होतं ते एक नातेवाईक बाई मला वाचून दाखवायला लागल्या. कुणी लिहिलं होतं, मुद्दामच उघडं ठेवलं असणार. मी डोळे मिटून घेतले. त्यांना वाटलं मला त्रास होतोय, म्हणून त्यांनी मोबाइल बंद केला आणि माझ्या कपाळावर हात ठेवला. त्या हाताची मला आजही लाज वाटते.

चाचांना पोलिसांनी विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "कडी राहिली माझ्याकडून." संस्थेनं पंधरा दिवसांत त्यांना काढलं. ते पिशोरला निघून गेले.

नाव मिळालं तो दिवस

जखम भरली. माणसं म्हणाली, सुटलीस. आणि मग मी खरी आजारी पडले.

घरी दुपारचे दोन वाजायला आले की मी न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावून बसायचे. कुकरची शिट्टी झाली की हातातलं पडायचं. घराच्या दाराची कडी मी इतक्या वेळा बघायचे की सासूबाई म्हणाल्या, "झिजल ती." माणसं घरी आली आणि कुणी त्यांना "या" म्हणालं की माझे हातपाय गार पडायचे. आता बघा, मराठी घरात राहून "या" हा शब्द टाळायचा म्हणजे काय. दूधवाला, शेजारीण, गॅसवाला, सगळ्यांना आपण तेच म्हणतो. मी माणसांकडं जाणंच बंद केलं.

चौथ्या महिन्यात दिलीप मला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. घरात सांगितलं, मानेचा एक्सरे काढायचाय. मीही तेच सांगायला लावलं. वीस वर्षं मी लोकांना सांगत आले की मनाचा आजार हा इतर आजारांसारखाच असतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. स्वतःवर आली तेव्हा मी तोंडावर ओढणी घेऊन तिथं शिरले.

डॉक्टर मॅडम माझ्याहून लहान होत्या. त्यांनी विचारलं तेवढ्याची मी टापटीप उत्तरं दिली, झोप, भूक, वजन. केसपेपर मीच भरल्यासारखा. त्यांना काही मिळालं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "ठीक आहे ताई. या पंधरा दिवसांनी."

मी उभी होते ती खाली बसले. फरशीवर.

त्यांनी दिलीपना थोपवलं, मला उचलायची घाई केली नाही. स्वतःही खुर्चीवरून उठून माझ्यासमोर खाली बसल्या. बाहेर रांग होती तरी दार लावून घेतलं. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "मी आत्ता जे बोलले त्यातला कुठला शब्द?"

मग त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. मोठ्या आघातानंतर असं होतं, शरीराला ती दुपार संपल्याचं कळत नाही, औषधं आहेत, बोलणं आहे, वेळ लागेल. मला रडू आलं ते नाव मिळाल्याच्या सुटकेनं. पण त्याच वेळी मनातल्या मनात मी जरा खूषही झाले होते. आजार आहे म्हणजे माझं काही नाही, असं मी धरलं. चला, कागदावर आलं.

निम्मं

औषधांनी फरक पडला. आधी वाटायचं नुसतीच गुंगी येते, पण दोन महिन्यांत कुकरची शिट्टी सोसू लागले. घरातल्यांनी शिट्टी होणार असली की आधी सांगायचं, हे गिरजामावशीचं तंत्र मी घरी लावलं. सासूबाई तर "आता शिट्टी व्हती हं" असं शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल इतकं ओरडायच्या.

पण "येते" तोंडात येईना. मॅडम दर वेळी तिथंच येऊन थांबायच्या. त्या म्हणायच्या, तुम्ही "या" म्हणालात ही रीत आहे, तुमच्या जागी कुणीही तेच म्हणालं असतं. बंदूक तुम्ही चालवली नाही. मी मान हलवायचे. सातव्या महिन्यात एकदा त्या हेच म्हणाल्या आणि मी म्हणाले, "मॅडम, कडी मी काढायला लावली होती. आणि पोलिसांना आठवत नाही म्हणून सांगितलं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. हनीफचाचांचं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता म्हणतील, स्वतःला दोष देऊ नका. तसं म्हणायची त्यांची सवयच होती. त्या म्हणाल्या, "ताई, यातलं निम्मं मी बरं करू शकते. 'या' म्हणाल्याचा जो दोष तुम्ही घेता, तो आजार आहे. चाचांबद्दल जे वाटतं, तो आजार नाही. त्यावर माझ्याकडं गोळी नाही."

मला त्यांचा खूप राग आला. पुढची तारीख मी चुकवली.

घर

दिलीपना मी एका रविवारी सांगितलं. ते वर्तमानपत्र वाचत होते. घडी घातली आणि म्हणाले, "हे दुसऱ्या कुणाला सांगितलंस?"

"मॅडमना."

"बास. आता उकरू नको. तुलाच आरोपी करतील सुनंदा. आणि तो म्हातारा तर गावी गेला, सुखात असंल. त्याचं काय बिघडलंय?"

माझा नवरा वाईट माणूस नाही. रात्रपाळी करून एकोणीस दिवस तो दवाखान्याच्या बाकावर झोपला होता. त्याला मी जिवंत हवी होते आणि घरी हवी होते. त्याच्या भीतीवर मी तीन आठवडे मजेत राहिले, खरं सांगते. नवरा नको म्हणतो, ही फार चांगली सबब असते.

सासूबाईंनी आतून ऐकलं होतं हे मला माहीत नव्हतं. एक दिवस लसूण सोलता सोलता त्या म्हणाल्या, "तो माणूस तुझा पाय धरून बसला व्हता ना?"

"हो."

"बंदूकवाला समोर असताना?"

"हो."

"मंग तू कशाची वाट बघायली?"

त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. मी दुसऱ्या दिवशी सकाळी साडी नेसले, पर्स घेतली आणि सवयीनं उंबऱ्यात थांबले, आता परत बोलावून पाणी पाजतील म्हणून. म्हणाले, "जाते." सासूबाई म्हणाल्या, "व्हय. जा."

पिशोर

एसटीत मी खिडकीशी बसून वाक्यं पाठ केली. एकही कामाला आलं नाही.

चाचा घराच्या पुढच्या पत्र्याखाली बसून अद्रकाची माती काढत होते. मला बघून उठले नाहीत. "आली का," म्हणाले. जणू मी आदल्या दिवशी सांगून गेले होते. "पाय कसा हाय?"

"बरा आहे. चाचा, कडी काढायला मी सांगितलं होतं."

"मला काय सांगती? म्या तिथंच उभा व्हतो की."

आतून चाची चहा ठेवून गेल्या. माझ्याशी बोलल्या नाहीत. मी विचारलं, "मग तुम्ही पोलिसांना का नाही सांगितलं?"

चाचा हातातल्या गड्ड्याची माती काढत राहिले. "तवा तू मरती का जगती ठाव नव्हतं. जी बाई मराया टेकली तिच्यावर काय घालायचं? अन् मंग कळलं तू जगली. लई बरं वाटलं. म्हटलं, आता सोताच सांगंल. आज सांगंल, उद्या सांगंल."

मीही एक गड्डा उचलून माती काढू लागले.

"नौकरीचं जाऊ दे," ते म्हणाले. "उमर झालीच व्हती. पर माझ्या नमाजाचं नाव घेतलं लोकांनी. चाळीस बरस पढतो, कामाच्या आड कधी येऊ दिला नाय. आता हितं मस्जिदीत बी पोरं इचारतात, चाचा, खरंच फाटक खुलं टाकून गेलते का? काय सांगू? हाओ म्हणू का नाय म्हणू? कागदावर तसंच हाय."

"मी काय करू, चाचा?"

"कागदावरून काढ."

"काढते."

चहा गार झाला होता, तो मी प्यायले. उठले. चाचाही उठून अंगणाच्या फाटकापर्यंत आले. तिथं माझी पंचाईत झाली. ज्या माणसानं मला मरू दिलं नाही त्याच्या दारात "जाते" कसं म्हणायचं? मी कडीला हात लावून उभी राहिले. आणि दहा महिन्यांनी तो शब्द निघाला. "येते, चाचा."

चाचा म्हणाले, "कधी?"

"येते" म्हणणाऱ्याला आपल्यात कुणी असं विचारत नाही. एसटीत बसल्यावर कळलं की दहा महिने ते हेच विचारत होते.

अर्ज

मी अर्ज माझ्या हातानं लिहिला. एक पोलीस ठाण्याला, एक संस्थेला. ठाण्यात आता दुसरे साहेब होते. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "बाई, याचा केसला काय उपयोग? मारणारा कबूल आहे, बंदूक त्याचीच आहे. कशाला स्वतःला गुंतवता?"

मी म्हणाले, "ज्याला उपयोग आहे तो पिशोरला असतो साहेब. पोच द्या."

त्यांनी पुरवणी जबाब घेतला. दिलीप बाहेर मोटारसायकलवर बसून होते. आत यायला तयार झाले नाहीत, पण सोडायला आले होते. खटल्यात मला याबद्दल विचारतील, वकील चार शब्द लावतील. लावू देत.

हे सगळं केल्यावर मन हलकं झालं असं लिहायचा मोह होतोय, पण तसं झालं नाही. संस्थेनं अजून उत्तर दिलेलं नाही. कमलआजींच्या मुलीला मी स्वतः फोन करून सांगितलं. ती सगळं ऐकून म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. आता पुन्हा फोन करू नका." तिचं बरोबर आहे. दुपारचे दोन अजूनही जड जातात आणि गोळी चालू आहे. मॅडमकडं पुन्हा जायला लागले. त्यांनी चुकवलेल्या तारखेबद्दल विचारलं नाही.

पोच

तीन आठवड्यांनी मी शिक्क्याची प्रत घेऊन पिशोरला गेले. चाचांनी कागद हातात घेतला, शिक्का बघितला, परत दिला. "चष्मा नाय. तूच वाच."

मी वाचलं. "फाटकाची कडी काढून ठेवायला मीच सांगितलं होतं. हनीफचाचांनी मला तसं करू नका म्हणून सुचवलं होतं. घटनेच्या वेळी ते त्यांच्या रोजच्या वेळेला, रोजच्या जागी नमाज पढत होते. त्यांची काहीही चूक नाही. माझा आधीचा जबाब खोटा होता."

"ठहर," चाचा म्हणाले. त्यांनी चाचींना बाहेर बोलावलं. "आता पयल्यापासून वाच."

मी पुन्हा वाचलं. चाची पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. चाचा उठले, शेजारच्या घरातून दोन माणसांना घेऊन आले, मस्जिदीत येणारी असावीत. त्यांना बाजेवर बसवलं. "सिस्टर, एकदा अजून."

तिसऱ्यांदा वाचताना "खोटा" या शब्दाला माझा आवाज गेला. कुणी मदत केली नाही. मी थांबले आणि पुन्हा म्हटला. शेजाऱ्यांनी ऐकलं, चाचांकडं बघून मान हलवली आणि ते उठून गेले. चाचांनी कागदाची घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली.

निघताना ते फाटकापर्यंत आले. कडी त्यांनीच काढली. मी म्हणाले, "येते, चाचा."

"या," चाचा म्हणाले. या वेळी मी खाली बसले नाही, उभी राहिले. "पर दोनच्या आत या. दोनला मी नमाजात ऱ्हातो."